विश्लेषण : राजा दीनदयाळ यांनी झूम-फिल्टरशिवाय उत्तम फोटो कसे काढले? मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांना त्यातून काय शिकता येईल?

मोबाइलमधला कॅमेरा दर वर्षी सुधारतो, आपले फोटो मात्र तसेच राहतात. किल्ल्यावर गेलो तर बुरूज मागे कललेला, लग्नात गेलो तर मागच्या रांगेतले निम्मे चेहरे दडलेले, आजीचा फोटो काढावा तर नाक मोठे आणि डोळ्यांखाली काळ्या सावल्या! यातल्या बहुतेक अडचणी कॅमेऱ्याच्या नाहीतच. त्या प्रकाशाच्या, अंतराच्या आणि उभे राहण्याच्या जागेच्या आहेत. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या छायाचित्रकारांपुढेही त्या होत्याच, आणि हाताशी होती फक्त लाकडी पेटी, भिंग आणि काच. त्या सामग्रीवर मंदिरे, महाल, राजे, राण्या, लष्करी कवायती, शिकारी, दरबार आणि दुष्काळ असे सगळे टिपणारे एक भारतीय नाव म्हणजे राजा दीनदयाळ. त्यांचा जीवनप्रवास आणि प्रत्येक टप्प्यावर आपल्याला उपयोगी पडेल अशी एखादी युक्ती, यांचा हा आढावा.

कोण होते राजा दीनदयाळ?

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना येथे जवाहिऱ्यांच्या जैन कुटुंबात झाला. लाला दीनदयाळ या नावानेही ते ओळखले जातात. पुढे ते इंदूरमध्ये नोकरीला लागले, हौस म्हणून कॅमेरा हाती घेतला आणि वीस-पंचवीस वर्षांत देशातले सर्वाधिक नावाजलेले भारतीय छायाचित्रकार झाले. १८८५ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी त्यांना आपले छायाचित्रकार नेमले. हैदराबादच्या सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खान यांनी, त्यांना दरबारी छायाचित्रकार केले. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कामाला पुरस्कार मिळाला आणि १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाकडून त्यांना राजघराण्याचे छायाचित्रकार म्हणून सनद मिळाली. ५ जुलै १९०५ रोजी त्यांचे निधन झाले.

नकाशे काढणाऱ्याच्या हाती कॅमेरा कसा आला?

रुरकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात दीनदयाळ यांनी शिक्षण घेतले. १८६६ मध्ये ते इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत मुख्य आरेखक आणि अंदाजपत्रक करणारे म्हणून रुजू झाले. इमारतीचा आराखडा काढणे, मोजमाप घेणे, खर्चाचा हिशोब मांडणे हे त्यांचे रोजचे काम होते. १८७४ च्या सुमारास ते छायाचित्रणाकडे वळले. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर दुसरे आणि मध्य भारतातील गव्हर्नर जनरलचे प्रतिनिधी सर हेन्री डेली यांनी त्यांना प्रोत्साहन दिले. ब्रिटिश युवराजाच्या १८७५-७६ मधील भारत दौऱ्यातही त्यांनी छायाचित्रे काढली.

आरेखकाची नजर त्यांच्या फोटोंत शेवटपर्यंत दिसते. क्षितिज आडवे, खांब उभे, चौकटीच्या चारही कडा विचारपूर्वक आखलेल्या. कागदावर रेघ मारण्यापूर्वी मापे घ्यायची ही सवय त्यांनी कॅमेऱ्यामागेही सोडली नाही.

मोबाइलमध्ये हे कसे कराल? कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘ग्रिड’ सुरू करा. पडद्यावर दोन आडव्या, दोन उभ्या रेषा येतील. समुद्राची कडा किंवा जमिनीची रेघ आडव्या रेषेला समांतर ठेवा; भिंतीची किंवा दाराची कड उभ्या रेषेला. बटण दाबण्याआधी फक्त चौकटीच्या चार कडांवरून नजर फिरवा. अर्धा कापलेला हात, डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, कोपऱ्यातली प्लास्टिकची पिशवी तेव्हाच दिसेल. एक पाऊल बाजूला सरकले की यातले निम्मे दोष जातात.

एका फोटोसाठी तेव्हा किती खटाटोप करावा लागे?

दीनदयाळ यांनी सुरुवात केली तो काळ ओल्या काचांचा होता. काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण समसमान ओतायचे, अंधारात ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि काच वाळायच्या आत तंबूतल्या अंधारात ती धुऊन पक्की करायची. हा सगळा खेळ काही मिनिटांचा. उन्हाळ्यात तर काच आणखी लवकर वाळे. म्हणजे जिथे फोटो, तिथे अंधारखोलीचा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाणी, काचांच्या पेट्या आणि तिपाई असा संसार बैलगाडीवर किंवा हमालांच्या डोक्यावर न्यावा लागे. १८८० च्या आसपास आधीच तयार केलेल्या कोरड्या काचा बाजारात मिळू लागल्या आणि हा व्याप बराच हलका झाला.

त्यात फोटो मोठा करण्याची सोय आजच्यासारखी नव्हती. कागद काचेला चिकटवून उन्हात ठेवत आणि काचेएवढाच फोटो उमटे. मोठा फोटो हवा तर मोठी काच आणि मोठा कॅमेरा. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर दृश्य उलटे दिसे. डोक्यावर काळे कापड घेऊन छायाचित्रकार ते न्याहाळत बसे.

एवढे कष्ट असल्यावर माणूस आधी पाहतो, मग फोटो काढतो. आपण उलटे करतो. एकाच दृश्याचे तीस फोटो काढतो आणि नंतर त्यातला बरा शोधायचा कंटाळा करतो. यावर साधा उपाय आहे. एखाद्या ठिकाणी पोहोचल्यावर पहिली पाच मिनिटे मोबाइल खिशातच ठेवा. जागेभोवती एक चक्कर मारा, प्रकाश कुठून येतो ते पाहा आणि मग तीन-चार फोटो काढा. काढण्यापूर्वी मोबाइलचे भिंग मऊ सुती कापडाने पुसून घ्या. बोटांच्या तेलकट डागामुळे दिव्यांभोवती धुरकट वलये येतात आणि लोक कॅमेऱ्याला दोष देतात.

किल्ला, मंदिर, वाडा यांचे फोटो कसे काढावेत?

१८८० च्या दशकाच्या सुरुवातीला सर लेपेल ग्रिफिन यांच्यासोबत दीनदयाळ बुंदेलखंडात फिरले. ग्वाल्हेर, खजुराहो, ओरछा, दतिया, सांची अशा ठिकाणची त्यांची छायाचित्रे १८८६ मध्ये मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तूंवरच्या पुस्तकात प्रसिद्ध झाली; मजकूर ग्रिफिन यांचा होता. या कामाने त्यांचे नाव मध्य भारताबाहेर पोहोचले. पुढे निजामाच्या राज्यातील वास्तूही त्यांनी टिपल्या. आजचा मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. त्यामुळे वेरूळ, दौलताबादचा किल्ला आणि औरंगाबादचा बीबी का मकबरा त्यांच्या संग्रहात आढळतात.

उंच वास्तूचा फोटो काढताना आपण मोबाइल वर कलता करतो. त्यामुळे उभ्या रेषा वरच्या बाजूला जवळ येतात आणि कळस किंवा बुरूज मागे पडतोय असे वाटते. त्या काळच्या मोठ्या कॅमेऱ्यांत भिंग बसवलेली पुढची फळी वर-खाली सरकवता येई. कॅमेरा अगदी सरळ ठेवून फक्त भिंग वर सरकवले की शिखर चौकटीत येई आणि भिंती उभ्याच राहत. मोबाइलला ही फळी नाही, पण तीन पर्याय आहेत. एक, मागे जा, जितके जाता येईल तितके. दोन, उंचावर चढा; समोरचा चौथरा किंवा जिना पुरतो. तीन, फोटो काढून झाल्यावर संपादनात ‘पर्स्पेक्टिव्ह’ची पट्टी सरकवून रेषा उभ्या करा. तिसरा मार्ग वापरणार असाल तर फोटो काढताना चारही बाजूंनी थोडी मोकळी जागा ठेवा, कारण कडा कापल्या जातात.

कोरीव कामासाठी वेळ महत्त्वाची. दुपारी बारा वाजता डोक्यावरचे ऊन पडते आणि मूर्तीचा चेहरा काळवंडतो. सकाळी किंवा दुपारी उशिरा तिरपे ऊन भिंतीला घासून जाते, तेव्हा प्रत्येक उठावाला स्वतःची सावली मिळते आणि दगड बोलू लागतो. वेरूळच्या कैलास लेण्यासारख्या खोलगट जागेत ऊन कुठे, केव्हा पोहोचते ते पाहून दिवस आखावा लागतो.

आणखी एक गोष्ट. त्या काळच्या वास्तुचित्रांत पायरीवर किंवा दाराशी अनेकदा एखादा माणूस उभा दिसतो. तो चुकून आलेला नसे. दरवाजा किती उंच आहे हे त्याच्यामुळे कळे. रायगडाच्या महादरवाजाचा फोटो काढताना सोबत्याला भिंगासमोर उभे करून अर्धी चौकट अडवण्यापेक्षा दरवाजापाशी उभे करा. माणूसही दिसेल आणि दरवाजाही.

आकाश पांढरेफटक का येते?

दीनदयाळ यांच्या काळच्या काचांना निळा प्रकाश फार लवकर लागे, तांबडा जवळपास लागतच नसे. त्यामुळे जुन्या फोटोंत आकाश बहुतेकदा कोरे, पांढरे दिसते. आज काचा गेल्या, तरी आकाश पांढरे येतेच. कारण वेगळे आहे. सावलीतला माणूस नीट दिसावा म्हणून मोबाइल प्रकाश वाढवतो आणि त्यात आकाश जळून जाते. पडद्यावर हव्या त्या जागी बोट टेकवा. बाजूला सूर्याचे चिन्ह येईल, ते थोडे खाली ओढा. फोटो किंचित गडद काढला तर नंतर उजळता येतो, पण एकदा पांढरा झालेला भाग परत आणता येत नाही.

चेहऱ्याचे फोटो स्टुडिओत कसे निघत?

१८८६ मध्ये दीनदयाळ यांनी सिकंदराबादला स्टुडिओ सुरू केला. लवकरच त्यांनी सरकारी नोकरी सोडून छायाचित्रण हाच पूर्णवेळ व्यवसाय केला. १८९६ मध्ये मुंबईतही स्टुडिओ निघाला. संस्थानिक, नवाब, इंग्रज अधिकारी आणि त्यांची कुटुंबे, व्यापारी असे सगळे तिथे येत. कामाचा पसारा इतका वाढला की पुढे ज्ञानचंद आणि धरमचंद हे मुलगेही व्यवसायात आले.

त्या काळच्या स्टुडिओंचा आत्मा म्हणजे काचेचे छप्पर किंवा मोठी खिडकी, शक्यतो उत्तरेकडची. उत्तरेकडून थेट ऊन येत नाही. येतो तो मऊ, पसरलेला उजेड. पडदे सरकवून तो कमी-जास्त करत. फोटोला काही क्षण लागत म्हणून डोके हलू नये यासाठी पाठीमागून लोखंडी टेकू देत. गंभीर चेहऱ्यांमागचे एक कारण हेही आहे. बराच वेळ हसू धरून ठेवणे कठीण असते.

घरात हाच स्टुडिओ उभा करायला पैसे लागत नाहीत. ट्यूबलाइट बंद करा. ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही तिच्याजवळ आजोबांना तिरपे बसवा, चेहरा थोडा खिडकीकडे वळवा. खिडकी त्यांच्या पाठीमागे येऊ देऊ नका. चेहऱ्याची दुसरी बाजू फारच काळी वाटली तर त्या बाजूला पांढरा पंचा किंवा चादर धरा, उजेड परतून तिथे पोहोचेल. फोकस डोळ्यांवर ठेवा.

अंतराचा मुद्दा तितकाच मोठा. मोबाइलचे नेहमीचे भिंग रुंद पाहते. ते चेहऱ्याच्या अगदी जवळ नेले की नाक मोठे आणि कान लहान दिसतात. चार-पाच पावले मागे जाऊन ‘२ एक्स’ वर फोटो काढा. चेहरा जसा आहे तसा येईल.

चेहरा गुळगुळीत करण्याचा मोहही जुनाच. निगेटिव्हवर पेन्सिलने हलका हात फिरवून सुरकुत्या सौम्य करण्याची पद्धत तेव्हाच्या स्टुडिओंत रूढ होती. पण कसबी कारागीर माणसाची ओळख पुसत नसे. ‘ब्यूटी’ची पट्टी शेवटपर्यंत ओढली की आजीच्या चेहऱ्यावरची पंचाहत्तर वर्षे जातात, आणि फोटो कुणाचाही होतो.

झनाना स्टुडिओ म्हणजे काय?

हैदराबादच्या उच्चकुलीन स्त्रिया पडदा पाळत. परपुरुष छायाचित्रकारासमोर बसणे त्यांना शक्य नव्हते. दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादला खास स्त्रियांसाठी झनाना स्टुडिओ सुरू केला. त्याची जबाबदारी केनी-लेविक या इंग्रज बाईंकडे होती. उंच भिंतींच्या आड, बाहेरच्या नजरेपासून दूर, स्त्रियांना तिथे निर्धास्तपणे फोटो काढून घेता येत.

या निर्णयात व्यापार होताच, पण छायाचित्रणाचे एक मूलभूत सूत्रही होते. समोरचा माणूस निश्चिंत नसेल तर उत्तम भिंगही काही करू शकत नाही. लाजऱ्या मुलाला चारचौघांत उभे करून हसायला सांगितले की तो ओठ आवळतो. त्याला त्याच्या खेळात रमू द्या, खाली बसून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर मोबाइल आणा आणि वाट पाहा. बाजारात भाजीवाल्या मावशींचा फोटो हवा असेल तर आधी चार शब्द बोला, परवानगी घ्या, काढलेला फोटो त्यांना दाखवा. नको म्हणाल्या तर मोबाइल खाली घ्या. आजचा फोटो काढताक्षणी हजारो लोकांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून ही विचारणा तेव्हापेक्षा आज अधिक गरजेची आहे.

दरबार, कवायत, मेजवानी. गर्दीचे फोटो कसे साधत?

व्हाइसरॉयच्या मेजवान्या, निजामाचे दौरे, सैन्याच्या कवायती आणि १९०३ चा दिल्ली दरबार अशा प्रसंगी दीनदयाळ यांचा कॅमेरा हजर असे. कोरड्या काचांमुळे क्षणार्धात फोटो घेता येऊ लागला होता, तरी काचा मोजक्याच असत. हत्तींची मिरवणूक पुन्हा फिरून येत नाही. म्हणून मार्ग, वेळ आणि उन्हाची दिशा आधी माहीत असणे गरजेचे होते.

लग्नासाठी हेच करा. आदल्या दिवशी किंवा तासभर आधी कार्यालयात जाऊन मंडप पाहा. अंतरपाट दूर होतो तेव्हा कुठे उभे राहिल्यास दोघांचे चेहरे दिसतील, ते ठरवा. प्रत्येक प्रसंगाचे तीन प्रकारचे फोटो घ्या : संपूर्ण मंडप दाखवणारा, माणसे दाखवणारा आणि एखादा बारीक तपशील दाखवणारा, जसे हातावरची मेंदी किंवा मुंडावळ्यांमागचे डोळे. तीस वर्षांनी या तिन्हींची मिळून गोष्ट होते. नेमलेला छायाचित्रकार काम करत असेल तर त्याच्यासमोर मोबाइल धरू नका, एवढे पथ्य पाळा.

समूहचित्रात त्या काळाची रचना आजही चालते : काही जण जमिनीवर, काही खुर्च्यांवर, काही मागे उभे, उरलेले पायरीवर. प्रत्येकाने स्वतः पाहायचे की आपल्याला कॅमेरा दिसतो का; दिसत नसेल तर कॅमेऱ्यालाही तो दिसत नाही. सगळ्यांना एकाच सावलीत उभे करा. निम्मे उन्हात, निम्मे सावलीत असतील तर फोटो बिघडलाच समजा. रुंद भिंगात कडेची माणसे ताणलेली दिसतात, म्हणून दोन्ही टोकांना थोडी जागा सोडा. लागोपाठ पाच-सहा फोटो घ्या, कुणाचे ना कुणाचे डोळे मिटलेले असतातच.

शिकारीच्या फोटोंचे आज काय करायचे?

दीनदयाळ यांच्या गाजलेल्या छायाचित्रांत १९०२ मध्ये लॉर्ड आणि लेडी कर्झन यांनी मारलेल्या वाघापाशी उभे राहून काढून घेतलेला फोटो आहे. त्या काळी ती प्रतिष्ठेची खूण होती. आज तोच फोटो पाहताना नजर आधी वाघाकडे जाते. फोटो तोच राहतो, पाहणारे बदलतात.

जंगलात मोबाइलने वाघाचा फोटो काढण्याची धडपड बहुतेकदा फसते, कारण डिजिटल झूम म्हणजे चित्राचा तुकडा ताणणेच. त्यापेक्षा वाघ लहान दिसला तरी त्याचा परिसर दाखवा : पाणवठा, बांबू, धुळीची वाट. जिप्सीचालकाला गाडी जवळ न्यायचा आग्रह करू नका, फ्लॅश बंद ठेवा. पक्ष्याचे घरटे दिसले तर फांद्या बाजूला सारू नका. घारीला वाट आपणच दाखवतो.

अंधाऱ्या महालात उजेड कुठून आणत?

हैदराबादच्या बशीरबागसारख्या महालांचे दिवाणखाने दीनदयाळ यांनी टिपले. झुंबरे, आरसे, गालिचे, लांबच लांब मेजे. विजेच्या दिव्यांचा सुकाळ नसलेल्या काळात त्यांच्या मदतीला होती तिपाई आणि सबुरी. भिंग बराच वेळ उघडे ठेवले की खिडक्यांतून येणारा मंद उजेडही काचेवर साचत जातो.

मोबाइलमधला ‘नाइट मोड’ याच तत्त्वावर चालतो. तो काही क्षण उजेड गोळा करतो. तेवढा वेळ हात हलला की चित्र पुसट. म्हणून गाभाऱ्यात, वाड्यात किंवा दिवाळीच्या रात्री मोबाइल भिंतीला, खांबाला किंवा पिशवीवर टेकवा, तीन सेकंदांचा टायमर लावा आणि हात काढून घ्या. कंदिलाच्या उजेडातल्या फोटोला फ्लॅश मारला की कंदिलाचा उजेडच मरतो. जिथे फोटोला मनाई आहे तिथे अर्थातच मोबाइल बाहेर काढायचा नाही.

दुष्काळाच्या फोटोंचा प्रश्न काय आहे?

राजवैभव टिपणाऱ्या दीनदयाळ यांच्या संग्रहात एक अस्वस्थ करणारा भागही आहे. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात, ज्याला संवत १९५६ वरून छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात, औरंगाबाद जिल्ह्यात निजाम सरकारने मदतकामे काढली. त्यांची छायाचित्रे दीनदयाळ यांच्या स्टुडिओने घेतली. कृश देहांचे समूह त्यांत दिसतात. राज्यकर्त्यांनी केलेल्या मदतीची नोंद असे त्या कामाचे स्वरूप होते. म्हणजे काय दाखवायचे हे काही अंशी काम देणाऱ्याने ठरवलेले होते. तरीही मराठवाड्याच्या त्या वर्षांचा डोळ्यांना दिसणारा पुरावा म्हणून आज हे फोटो मोलाचे आहेत.

त्याआधी १८७६-७८ च्या मद्रास दुष्काळात विलोबी हूपर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने उपाशी माणसांना मांडून बसवून फोटो काढले आणि त्यावर त्याच काळात टीका झाली. माणूस मरणाच्या दारात असताना फोटो आधी की मदत आधी, हा प्रश्न तेव्हापासून छायाचित्रणाच्या पाठीशी आहे.

अपघात, पूर, आग अशा प्रसंगी आज प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असतो. क्रम सोपा ठेवा. आधी मदत किंवा मदतीसाठी फोन. मग गरज असेल तर नोंद म्हणून फोटो : पाणी कुठवर चढले, रस्ता कुठे खचला, वाहनाचा क्रमांक काय. पंचनाम्याला आणि भरपाईला असे फोटो उपयोगी पडतात, त्यामुळे तारीख-वेळ आणि ठिकाणाची नोंद सुरू ठेवा. जखमींचे आणि मृतांचे चेहरे मात्र समूहांवर पाठवू नका. त्या चेहऱ्याच्या घरचे लोक ते आधी मोबाइलवर पाहतात.

राजा ही पदवी कशी मिळाली?

१८९४ मध्ये निजामाने दीनदयाळ यांना ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. दरबारात योद्ध्यांना मिळणाऱ्या धर्तीचा किताब एका छायाचित्रकाराला मिळाला, यावरून त्या कलेला आलेली प्रतिष्ठा कळते. निजामाने त्यांच्या कौतुकात उर्दू शेरही रचला होता. पण हा दिमाख राजाश्रयावर उभा होता. दीनदयाळ १९०५ मध्ये गेले, सहावे निजाम १९११ मध्ये. त्यानंतर व्यवसायाला ते दिवस पुन्हा आले नाहीत.

इतक्या वर्षांनी हे फोटो आपल्यापर्यंत कसे पोहोचले?

याचे उत्तर काचांत आणि शिस्तीत आहे. दीनदयाळ यांच्या अनेक फोटोंच्या कडेला क्रमांक, ठिकाणाचे नाव आणि त्यांचे स्वतःचे नाव लिहिलेले आढळते. त्यामुळे कोणता फोटो कुठला, हे शंभर वर्षांनंतरही सांगता येते. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्हचा संग्रह मिळवला. २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

आता आपल्या मोबाइलकडे पाहा. हजारो फोटो, त्यांत निम्मे सुप्रभातचे संदेश, आणि आजोबांचा शेवटचा फोटो नेमका कुठे आहे ते आठवत नाही. मोबाइल पाण्यात पडला, चोरीला गेला किंवा पासवर्ड विसरला की सगळे एकदम जाते. काच तरी फुटली तर एकच फोटो जाई.

मग नेमके काय करावे?

महिन्यातून एक दिवस ठरवा. नको असलेले फोटो पुसा. उरलेल्यांचे प्रसंगानुसार अल्बम करा आणि नाव द्या : वर्ष, ठिकाण, प्रसंग. जुन्या कौटुंबिक फोटोंत कोण कोण आहे ते घरातल्या वडीलधाऱ्यांना आताच विचारून लिहून ठेवा. महत्त्वाच्या फोटोंच्या दोन प्रती ठेवा, एक ऑनलाइन साठवणीत आणि एक पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर; त्या दोन वेगळ्या जागी असाव्यात. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होतो, त्यामुळे छापायचा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

आणि वर्षातले दहा-वीस फोटो कागदावर छापून घ्या. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने नावे आणि तारीख लिहा. अल्बम कोरड्या कपाटात, उन्हापासून आणि पावसाळी ओलीपासून दूर ठेवा. फोटो पाहायला चार्जर लागत नाही, आणि तो कोणाचा आहे हे नातवंडांना कुणाला विचारावेही लागत नाही.